इग्नूचं एम.ए. मानसशास्त्र: कर्जवसुलीच्या टेबलावरून समुपदेशनाच्या खोलीत

बी.कॉम. झाल्यावर मी कराडच्या एका पतपेढीत नऊ वर्षं कर्जवसुलीचं टेबल सांभाळलं. मुलगी झाल्यावर घरी शिकवण्या घेतल्या, मग एका हायस्कूलच्या ऑफिसात लिपिक झाले. फी भरायला आलेली काही मुलं पावती हातात पडली तरी खिडकीशीच घुटमळायची. एकदा नववीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, घरी जायची वेळ झाली की पोटात दुखतं." मी तिला ओव्याचं पाणी प्यायला सांगितलं. दुखणं पोटाचं नव्हतं, हे कळायला मला सहा महिने लागले. 2021 मध्ये, 41व्या वर्षी, मी इग्नूच्या, म्हणजे घरी बसून शिकता येणाऱ्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, एम.ए. मानसशास्त्राला प्रवेश घेतला.

कोणत्याही शाखेचा पदवीधर चालायचा, ही अट माझ्यासाठी सगळ्यात मोठी ठरली. पुन्हा बी.ए.पासून सुरुवात करणं मला जमलं नसतं. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा असल्यामुळे नोकरी करून पेपर वाटून देता आले. संख्याशास्त्राला बरेच जण घाबरतात; वर्षानुवर्षं खतावण्या जुळवल्यामुळे मला ते सोपं गेलं. दुसऱ्या वर्षी चिकित्सा, समुपदेशन आणि औद्योगिक यांपैकी एक शाखा निवडायची होती. मी समुपदेशन घेतलं. पुस्तकं एकट्यानं वाचून समजावीत अशीच लिहिलेली आहेत, प्रत्येक घटकात स्वतःला तपासायला प्रश्न आहेत. रात्री साडेनऊनंतर स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून मी ती वाचली.

मी ती इंग्रजीत वाचली, आणि माझ्यासमोर बसणारी मुलं मराठीत रडतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत माणूस स्वतःवर लादतो त्या हट्टी मागण्यांना फार महत्त्व आहे. ते वाचताना मला आपला 'च' दिसला. 'पहिला यायलाच पाहिजे', 'त्यांनी असं वागायलाच नको होतं', 'मला सहनच होणार नाही'. तेव्हापासून मी वहीत मुलांचे 'च' टिपते. दहावीतला एक मुलगा (तपशील बदललाय) चौथ्या भेटीत आपणहून म्हणाला, "पहिला यायला आवडेल, म्हणजे यायलाच पाहिजे असं नाही." त्या दिवशी घरी चालत जाताना मला फार आनंद झाला होता.

प्रत्यक्ष काम मात्र पुस्तकातून येत नाही. इंटर्नशिपसाठी मी दोन ठिकाणी विचारलं, नकार आला. तिसऱ्या ठिकाणच्या समुपदेशक ताईंनी मला सहा आठवडे फक्त शेजारी बसवलं. 'हे कुणाला सांगणार नाही' असं सरसकट वचन मुलाला कधी द्यायचं नाही, हे त्यांनी शिकवलं: लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो या बालसंरक्षण कायद्यानं तो कळवावाच लागतो, आणि ही मर्यादा मुलाला आधीच सांगायची असते. वसुलीच्या टेबलावर मी माणसांना हप्त्याची तारीख विचारायचे. आता समोरचा गप्प झाला की मी थांबते.

या पदवीनं तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलं वेगळं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते.

आता 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश थांबवलेत. माणसांवर काम करणाऱ्यानं समोरासमोर शिकावं, हे मला पटतं. पण तालुक्याच्या गावातल्या, घर आणि नोकरी सोडू न शकणाऱ्या बाईला जवळ कॉलेज मिळेलच असं नाही, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता नियमित एम.ए. शोधत असाल तर फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष कामाचे तास किती, आणि तुम्ही घेतलेली सत्रं ऐकून चुका दाखवणारं तिथे कोण आहे.