झिंक प्रायमरचा डबा: सळई पांढरी केली तरच पैसे वसूल

नाशिकच्या हार्डवेअर दुकानात "स्लॅबच्या सळयांना गंज लागलाय, काहीतरी द्या" म्हटलं की तीन डबे पुढे येतात: गंज काढायचं द्रावण, गंज काळा करणारा कन्व्हर्टर आणि राखाडी झिंक-रिच एपॉक्सी प्रायमर. हे परीक्षण तिसऱ्याचं. फॉसरॉकचा निटोप्राइम झिंकरिच याच जातीतला. एकघटकी आहे, म्हणजे हार्डनर मिसळण्याची भानगड नाही.

माल उत्तम आहे. "गंजावरच मारा, गंज थांबतो" हा सल्ला मात्र चुकीचा. यातलं झिंक पोलादाला थेट चिकटून असेल तरच ते आधी झिजतं आणि सळईला वाचवतं. मध्ये गंजाचा थर राहिला की संपर्क तुटतो, मग उरतो तो नुसता राखाडी रंग.

चांगल्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबारा-तेराच्या आसपास असतो, आणि त्यामुळे सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरत जातो तसा सामू नऊच्या आसपास उतरतो, पापुद्रा मोडतो, आणि पाणी नि ऑक्सिजन मिळताच गंज सुरू. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट, त्यामुळे खालचं कव्हर, म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर, फुटून पडतं. नाशिकला मुंबईसारखी खारी हवा नाही. इथले खरे गुन्हेगार म्हणजे तडकलेला कोबा, गळका सनकन स्लॅब (बाथरूमखालचा खोलगट स्लॅब), भरून वाहणारी गच्चीवरची टाकी, आणि कव्हर ब्लॉकऐवजी (सळई उचलून धरणारे ठोकळे) सळईखाली सरकवलेली खडी. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सौम्य परिस्थितीतही स्लॅबला किमान २० मिमी कव्हर सांगतं. फुटलेल्या पोपड्याची जाडी पट्टीने मोजा, बहुतेकदा ती १० मिमीच्या आतच भरते. (पंचवटीतल्या जुन्या लाकूड-विटांच्या वाड्यांना हा रोग नाही. त्यांना सळईच नाही.)

तेव्हा वरची गळती बंद होईपर्यंत हा डबा विकत घेऊ नका.

गळती थांबली की आधी टेकू द्यायचे, मग हातोडीने ठोकून बद्द आवाजाची, म्हणजे सुटलेल्या काँक्रीटची, हद्द खडूने आखायची. सळईच्या लांबीवर स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत आणि त्यापुढे आणखी ५० मिमी काँक्रीट फोडायचं. सळईच्या मागेही २० मिमी पोकळी हवी. कारागीर नेमका हाच भाग टाळतो, कारण मेहनत तिथेच आहे. हाताचा वायर ब्रश पुरत नाही. ग्राइंडरवर वायर व्हील लावून सळई पांढरी, म्हणजे चकचकीत उघडी, करावी लागते. मागची बाजू छोटा आरसा धरून तपासा.

संडास धुवायचं ॲसिड सळईला अजिबात लावू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं. गंज झटक्यात निघतो, पण मागे राहिलेलं क्लोराइड नवा गंज लवकर आणतं. फॉस्फोरिकवाला रिमूव्हर चालतो, मात्र नंतर धुऊन पूर्ण वाळवावं लागतं.

आता व्यास मोजायला व्हर्नियर काढा. ८ मिमीची सळई घासून ७ मिमी उरली तर छेदाचं क्षेत्रफळ सुमारे २३ टक्के गेलं. अशा ठिकाणी प्रायमर म्हणजे मलमपट्टी. जोडीला नवी सळई हवी. एम २० प्रतीच्या काँक्रीटमध्ये एफई ५०० प्रतीच्या सळईची लॅप (जुन्या सळईलगत ठेवायची लांबी) व्यासाच्या ५७ पट धरतात, म्हणजे ८ मिमीला जवळपास ४५० मिमी. छज्जा किंवा बाल्कनी असेल तर आणखी सावध राहा. तिथली मुख्य सळई वरच्या अंगाला असते. ती खालून उघडी पडलेली दिसली तर ओतकामातच दबली आहे. तिथे रंग नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

साफ केलेल्या सळईला त्याच दिवशी प्रायमर लागलाच पाहिजे. पावसाळ्यात काही तासांत तांबूस छटा येते, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. ब्रशने अखंड हात मारा, झिरझिरीत वाटला तर दुसरा. काँक्रीटवर फासू नका, मॉर्टर धरत नाही. प्रायमर वाळल्यावर काँक्रीट ओलं करून वरचं पाणी टिपायचं आणि पॉलिमर मॉर्टर १०-१५ मिमीच्या थरांनी चढवायचं.

मूळ काँक्रीटमध्येच क्षार असतील तर मात्र निराशा होईल. आयएस ४५६ प्रमाणे आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. खारट बोअरच्या पाण्यात ओतकाम झालं असेल तर ठिगळाच्या कडेलगतची सळई दोन-चार पावसाळ्यांत गंजू लागते. दोष डब्याचा नाही. ठिगळातली सळई सुरक्षित झाली की गंजाचा सगळा मारा शेजारच्या भागावर जातो. म्हणून आधी क्लोराइड चाचणी करून घ्या. काँक्रीटवर फवारायच्या फिनॉलफ्थॅलिन या रंगद्रव्याने सामू कळतो, क्षार कळत नाहीत.

खरेदीचा हिशोब सोपा आहे: १२ मिमीच्या १०० मीटर सळईचा पृष्ठभाग पावणेचार चौरस मीटरच्या आसपास. छोटाच डबा घ्या. झिंक जड असल्यामुळे तळाशी बसतं. चपट्या काठीने तळापासून खरवडून ढवळलं नाही, तर सळईला नुसतं पातळ एपॉक्सी लागतं आणि झिंक डब्यातच राहतं.