'बोनापार्टची माघार' आणि तिला जपणारी एक ध्वनिमुद्रिका

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९७१ साली प्रकाशित केलेली 'अमेरिकन फिडल ट्यून्स' (फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजवले जाणारे व्हायोलिन) ही ध्वनिमुद्रिका मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. तरीही हा परिचय मी मुद्दाम तिच्यातील 'बोनापार्ट्‌स रिट्रीट' या एकाच चालीभोवती लिहीत आहे, कारण संपूर्ण संग्रहाचे मोल त्या जेमतेम दोन मिनिटांच्या वादनात कळते.

लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी ऑक्टोबर १९३७ मध्ये केंटकीच्या मॅगॉफिन परगण्यात विल्यम स्टेप या फिडलवादकाकडून ही चाल मुद्रित करून घेतली. एरवी ती संथ लष्करी संचलनाच्या लयीत वाजवली जाते, परंतु स्टेप यांनी ती नृत्याच्या द्रुत लयीत नेली, आणि तिचे पुढचे भाग्य याच निर्णयाने ठरले. फिडलच्या तारा येथे नेहमीच्या जी-डी-ए-ई ऐवजी डी-डी-ए-डी अशा जुळवल्या जातात. डी हा षड्ज मानला तर मंद्र सा, मध्य सा, पंचम आणि तार सा अशी ती जुळणी होते. तंबोऱ्यावर कान घडलेल्या श्रोत्याला खालच्या तारेचा तो अखंड नाद लगेच जवळचा वाटेल, मात्र वादकांच्या मनात असते ती बॅगपाइपची आठवण.

नावातील बोनापार्ट म्हणजे अर्थातच नेपोलियन. त्याच्या नावाच्या चाली ब्रिटन आणि आयर्लंडमध्येही अनेक आहेत. इंग्रजी सत्तेला कंटाळलेल्या आयरिश लोकांना तो आशास्थान वाटे, आणि तेथून स्थलांतरितांबरोबर अशी नावे केंटकीसह पूर्व अमेरिकेत पसरलेल्या ॲपलाचियन डोंगरांत पोहोचली. १८१२ ची मॉस्कोहून माघार की १८१५ चे वॉटर्लू, हे चाल सांगत नाही.

स्टेप यांच्या वादनाचे रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी केलेले स्वरलेखन १९४१ मध्ये छापले गेले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलँड यांनी ते 'रोडिओ' या बॅलेतील (नृत्यनाट्यातील) 'हो-डाउन' या भागासाठी जवळजवळ जसेच्या तसे घेतले. ती सुरावट जगभर गेली. तिच्यामागचा केंटकीतील वादक मात्र बहुतेक श्रोत्यांना अपरिचितच राहिला. ही उणीव ध्वनिमुद्रिकेचे संपादक ॲलन जॅबूर यांच्या सोबतच्या पुस्तिकेतील टिपणांमुळे भरून निघते, आणि माझ्या मते या मुद्रिकेचे खरे धन ती पुस्तिकाच आहे. जॅबूर स्वतः फिडल वाजवत, त्यामुळे चालींच्या वंशावळीइतकेच लक्ष ते वादकाच्या गजाकडेही देतात. टिपणे दाट आहेत, संदर्भांची गर्दी नवख्याला जड जाईल, आणि जुन्या तबकड्यांची खरखरही सतत सोबत असते. तरी 'हो-डाउन' आधी ऐकावे आणि लगेच स्टेप यांच्याकडे वळावे: वाद्यवृंदातील अनेक हातांनी मिळून जे साधले, ते येथे एका माणसाच्या गजातून निघते.