आधी माथ्यावरचे चर की ओढ्यातला बंधारा?

पाणलोटाच्या, म्हणजे एका ओढ्याला पाणी देणाऱ्या सगळ्या क्षेत्राच्या, कामाला पैसा कधीच पुरेसा नसतो. त्यामुळे आधी माथ्याच्या उतारावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत जाणारे चर, खणायचे की थेट ओढ्यात बंधारा बांधायचा, हे ठरवावंच लागतं. बहुतेक जण किती घनमीटर पाणी अडेल एवढंच बघून निर्णय घेतात. पाण्याचा हिशेब हवाच, पण त्याच्या शेजारी गाळाचाही मांडायला हवा.

आधी पाणी. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चरात मीटरमागे 180 लिटर मावतात. दर 10 मीटरला चराची एक ओळ धरली, तर हेक्टरी हजार मीटर चर आणि 180 घनमीटर साठा. म्हणजे उतारावरून वाहू लागलेलं 18 मिलिमीटर पाणी एका दमात थांबतं. ते मुरलं की चर पुढच्या सरीला पुन्हा रिकामे.

आता बंधारा. ओढ्याचा तळ शंभर मीटरला एक मीटर उतरतोय, पात्र 10 मीटर रुंद आहे आणि भिंत 2 मीटर उंच आहे असं समजा. फुगवटा, म्हणजे भिंतीमागे तुंबलेलं पाणी, 200 मीटर मागे जातो आणि साधारण 2,000 घनमीटर पाणी साठतं. अकरा हेक्टरवरच्या चरांइतका साठा एकाच जागी, म्हणून बंधारा डोळ्यांत भरतो. पण तळाचा उतार तिप्पट असेल तर तीच भिंत 67 मीटरच फुगवटा देते आणि साठा 670 घनमीटरवर येतो. खर्च तेवढाच, पाणी एक तृतीयांश. तीव्र उताराच्या घळीत पक्की भिंत घालायला माझा विरोध आहे तो यासाठी. तिथे साधे दगडी बांध घालावेत, आणि तेही पाण्याचा वेग मोडण्यासाठी.

खरा निकाल लागतो तो गाळावर. ओढ्याला पूर आला की काठावर सुरक्षित उभं राहून, दोरीला बांधलेल्या बादलीने पाणी काढा आणि एका सरळ उभ्या काचेच्या बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर नितळ पाणी आणि तळाला गाळाचा थर दिसेल. 25 सेंटिमीटर पाण्याखाली फक्त एक मिलिमीटर थर असला, तरी पुराच्या प्रत्येक लाख घनमीटर पाण्यामागे सुमारे 400 घनमीटर गाळ जातोय. हंगामात एवढं पाणी येऊन त्यातला निम्मा गाळ जरी त्या 2,000 घनमीटरच्या बंधाऱ्यामागे बसला, तरी दहा वर्षांत त्याचं पोट भरलं. तळावरून घरंगळत येणारी खडी यात धरलेलीच नाही. हा गाळ म्हणजे वरच्या शेतांची माती आहे. ती बंधाऱ्यात अडली काय आणि पुढे गेली काय, शेतातून गेली ती गेलीच. चर आणि बांधबंदिस्ती तिला जागच्या जागी धरतात.

माथ्यावर गवत आणि झाडोरा हवाच, पण त्याने ओढ्याचं एकूण पाणी वाढेल अशी आशा धरू नये. अमेरिकेत हबर्ड ब्रूकच्या जंगलात 1965 च्या हिवाळ्यात एका छोट्या पाणलोटातली सगळी झाडं तोडली आणि पुढे औषधं फवारून वाढ थोपवली. पहिल्या वर्षी ओढ्याचा प्रवाह 39 टक्क्यांनी वाढला, कारण झाडांनी प्यायचं पाणी खाली आलं. पण त्याबरोबर जमिनीतलं नायट्रेटही भरभरून वाहून गेलं. झाडं पाण्याचा काही हिस्सा घेतात आणि त्या बदल्यात जमिनीचा कस राखतात. मला हा सौदा मान्य आहे.

ओढा खोल करण्याचा तिसरा पर्याय लोकांना फार आवडतो, कारण यंत्र आणलं की चार दिवसांत काम दिसतं. गाळ काढणं ठीक. पण मूळ तळाच्या खाली खणत गेलात आणि आसपासच्या भूजलाची पातळी त्याहून वर असली, तर दोन्ही काठांचं मुरलेलं पाणी त्याच चरीत झिरपून निघून जातं. साठवायला गेलात आणि जमीनच उपसली.

माथ्याच्या कामाची खरी अडचण वेगळीच असते. जमीन वरच्यांची आणि फायदा खालच्यांचा, मग खणायचं कुणी? न्यूयॉर्क शहराने 1997 मध्ये आपल्या पाण्याच्या वरच्या खोऱ्यातल्या गावांशी करार केला आणि मोठं गाळणी केंद्र उभारण्याऐवजी तिथली जमीन व शेतं सांभाळण्यावर पैसा घातला. आपल्या छोट्या पाणलोटातही खालच्यांनी वरच्यांच्या चरांचा खर्च उचलावा, हे मागायला संकोच नको.

मग ठरवायचं कसं? वर जमीन झाकलेली, ओढ्याचा उतार सौम्य आणि बाटलीत थर नावालाच, तर बंधारा खुशाल आधी बांधा. थर जाड असेल तर पहिला पैसा माथ्यावर. मात्र एका बाटलीवर विसंबू नका. पहिला पूर गढूळ असतोच, तेव्हा दुसरी बाटली पावसाळ्याच्या मध्यावर भरा आणि दोन्ही शेजारी ठेवून थर मोजा.