फोंड्यातल्या लॅबचं फुल बॉडी चेकअप, तिसऱ्या वर्षाचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

चवथ झाली, नेवऱ्यांचे डबे रिकामे झाले की आम्ही दोघं फोंडा मार्केटजवळच्या लॅबमध्ये जातो, यंदा तिसरं वर्ष. ह्यांचं वय 49, माझं 45. त्रास दोघांनाही काही नाही, त्यामुळे दरवर्षी घरात तेच, "मला काय झालंय म्हणून रक्त देऊ?" मी ऐकून घेते आणि तरी नेते, कारण माझ्या सासऱ्यांनाही काही झालं नव्हतं. पायाला काटा लागला, जखम भरेना म्हणून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) नेलं तेव्हा कळलं शुगर आहे, आणि ती बरीच जुनी असणार असं डॉक्टर म्हणाले. दोन बोटं काढावी लागली.

तर लॅबबद्दल. सकाळी सातला उघडतात, उपाशीपोटी येणाऱ्यांना आधी घेतात, जास्तीत जास्त वीस मिनिटं बसावं लागतं. माझी शीर पटकन सापडत नाही, सिस्टरने घाई न करता दोन्ही हात नीट बघितले आणि मगच सुई लावली, एकदाच. करड्या झाकणाची नळी शुगरची, जांभळ्या झाकणाची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीएवनसीची (शुगरचीच आणखी एक टेस्ट), प्रत्येकीवर नावाचा स्टिकर माझ्यासमोर लावला.

पण मी परत परत इथेच जाते ते रिपोर्टसाठी. नव्या आकड्याच्या बाजूला मागच्या वर्षांचे आकडे छापून देतात. ह्यांचं एचबीएवनसी पहिल्या वर्षी 5.5, मग 5.8, यंदा 6.1. नुसतं 6.1 आलं असतं तर 6.5 च्या खाली आहे ना, म्हणजे डायबिटीस नाही, असं म्हणून कागद कपाटात गेला असता. तीन आकडे एका ओळीत बघितले आणि हे गप्पच झाले. 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसच्या आधीची पायरी, इथून माणूस मागे फिरू शकतो असं आमच्या डॉक्टरांनी समजावलं. आणि एचबीएवनसी ही साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी असते, टेस्टच्या आधी दोन दिवस गोड बंद करून काही लपत नाही (ह्यांनी केलं होतं).

एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि जिना चढून आल्या आल्या ह्यांचं बीपी घेतलं, 158/96! मी म्हटलं थांबा जरा. पाच-सात मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवलं आणि परत घेतलं तर 138/86. केवढा फरक! दुसरं म्हणजे काउंटरवर ट्यूमर मार्करवालं (कॅन्सरशी संबंधित रक्ताच्या टेस्टचं) महागडं पॅकेज गळ्यात मारायला बघतात. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले काही तक्रार नसताना त्याचा उपयोग नाही, उगाच आकडा जास्त आला तर जिवाला घोर. त्यापेक्षा वयाप्रमाणे लागेल ते करा. माझं पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) राहिलं होतं, ते ह्या पॅकेजमध्ये नाहीच, वेगळं करून घेतलं.

ज्यांना पैशांची अडचण आहे त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रात जा. 30 वर्षं झाली की बीपी, शुगर, तोंडाची तपासणी, बायकांसाठी स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी तिथे फुकट होते. माझ्या जावेने तिथेच केलं, अर्ध्या दिवसात घरी आली. तंबाखू खाणाऱ्यांनी तर तोंडाची तपासणी टाळूच नये.

ह्यांची परत एचबीएवनसी डिसेंबरात आहे. सध्या सकाळी चहात साखर नाही आणि रात्री जेवल्यावर देवळापर्यंत चालत जाऊन येतात, पावसात छत्री घेऊन पण.