माद्रिदचे प्राडो संग्रहालय: संध्याकाळचे मोफत दोन तास कशासाठी राखावेत

माद्रिदचे प्राडो हे चित्रांचे संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ या वेळेत सर्वांना विनामूल्य पाहता येते. माद्रिदला जाण्यापूर्वी ज्यांना ज्यांना विचारले त्या जवळजवळ प्रत्येकाने आम्हांला ही सोय आधी सांगितली, आणि त्यांतील बऱ्याच जणांनी आपली पहिली व एकमेव भेट याच दोन तासांत उरकलेली होती. ऑक्टोबरमध्ये आम्ही पती-पत्नी चार दिवस माद्रिदमध्ये होतो. त्या काळात प्राडोत एकदा तिकीट काढून सकाळी आणि दोनदा संध्याकाळी मोफत गेलो. या तिन्ही भेटींनंतर माझे मत असे झाले आहे की, ही सोय अतिशय उदार आहे, परंतु पहिल्या भेटीसाठी ती वापरणे म्हणजे संग्रहालयावर आणि स्वतःवरही अन्याय करणे आहे.

पहिली भेट सकाळी दहाची, तिकीट काढूनच घ्यावी. सर्वसाधारण तिकीट १५ युरोंचे आहे आणि ते संकेतस्थळावर दिवस व वेळ निवडून आधीच घेता येते. १८ वर्षांखालील मुलांना केव्हाही प्रवेशमूल्य नाही, तसेच १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांनाही ओळखपत्र दाखवल्यास ते पडत नाही, त्यामुळे युरोपात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ते ओळखपत्र खोलीवर विसरू नये. मेट्रोच्या पहिल्या मार्गावरील ‘एस्तासिओन देल आर्ते’ किंवा दुसऱ्या मार्गावरील ‘बांको दे एस्पान्या’ या दोन्ही स्थानकांपासून संग्रहालयापर्यंत सहज चालत जाता येते, आणि ती वाट पासेओ देल प्राडो या गर्द झाडीच्या रस्त्यावरून जात असल्यामुळे चालणे जड वाटत नाही.

आत गेल्यावर वाटेतील इतर दालनांचा मोह टाळून थेट पहिल्या मजल्यावरील १२ क्रमांकाच्या दालनात जावे, असे मी आग्रहाने सांगेन. तेथे सतराव्या शतकातील स्पॅनिश चित्रकार दिएगो वेलास्केझ याचे ‘लास मेनिनास’ आहे. १६५६ मधील हे चित्र सुमारे ३१८ सेंटिमीटर उंच आणि २७६ सेंटिमीटर रुंद आहे, आणि त्याचा हा आकार छापील पुनर्मुद्रणात कधीच कळत नाही. मधोमध पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, तिच्या दोन्ही बाजूंना सख्या, उजवीकडे पहुडलेला कुत्रा, डावीकडे प्रचंड कॅनव्हाससमोर कुंचला घेऊन उभा असलेला स्वतः चित्रकार, आणि मागच्या भिंतीवरील आरशात राजा-राणीची अस्पष्ट प्रतिबिंबे, अशी रचना आहे. आपण ज्या ठिकाणी उभे राहून हे पाहतो, तेथेच चित्राच्या हिशेबाने राजा-राणी उभे असणार, हे ध्यानात येते तेव्हा चित्रातील माणसे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटू लागते. जवळ गेल्यावर राजकन्येच्या बाहीवर केवळ करड्या-पांढऱ्या रंगाचे मोकळे फटकारे दिसतात, आणि सात-आठ पावले मागे सरले की तेच फटकारे रेशीम होतात. हे मागेपुढे जाणे गर्दीत अशक्य असते. सकाळी दहा वाजता आम्हांला ते निवांतपणे करता आले, अकराच्या सुमारास मात्र त्या दालनात मार्गदर्शकांसह आलेले तीन-चार गट एकाच वेळी उभे होते. चित्रकाराच्या छातीवरील लाल क्रूस सांतियागोच्या सरदारपंथाचा आहे. त्या पंथात त्याला १६५९ मध्ये प्रवेश मिळाला, म्हणजे तो क्रूस चित्र पूर्ण झाल्यावर पुढे केव्हातरी रंगवलेला आहे. १७३४ मध्ये माद्रिदचा जुना राजवाडा आगीत जळाला आणि शेकडो चित्रे नष्ट झाली, त्यातून हे चित्र वाचले, हेही त्याच्यासमोर उभे असताना मनातून जात नाही.

दालनांमध्ये छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. काहींना हा नियम जाचक वाटेल. मला मात्र तो या संग्रहालयाच्या सेवेचा सर्वोत्तम भाग वाटला, कारण समोरच्या माणसांच्या उंचावलेल्या हातांमधून चित्र शोधावे लागत नाही आणि पाहणारा माणूस खरोखर पाहत उभा राहतो. दालनांतील कर्मचारी हा नियम शांतपणे, परंतु न चुकता पाळायला लावतात.

प्राडोचा संग्रह समजून घेताना एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुष्कळ उलगडा होतो. हा संग्रह मुख्यतः स्पेनच्या राजांनी विकत घेतलेल्या किंवा करवून घेतलेल्या चित्रांचा आहे. इमारत हुआन दे विल्यानुएवा या वास्तुशिल्पकाराने निसर्गविज्ञानाच्या संग्रहासाठी आखली होती, परंतु १९ नोव्हेंबर १८१९ रोजी ती राजघराण्याच्या चित्रांसाठी उघडली. त्यामुळे येथे कलेच्या इतिहासाचा क्रमवार पट नाही, तर काही राजांची ठाम आवड आहे. तिशियन, रुबेन्स, वेलास्केझ आणि गोया या चित्रकारांची चित्रे भरभरून आहेत, आणि विसावे शतक जवळजवळ नाही. पिकासोचे ‘गेर्निका’ पाहण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे चालून रेइना सोफिया संग्रहालयात जावे लागते, आणि ते मंगळवारी बंद असते हे कार्यक्रम आखतानाच पाहून ठेवावे. धर्मनिष्ठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या फिलिप राजाला हिएरोनिमस बॉश या चित्रकाराची विलक्षण चित्रे आवडत असत. म्हणूनच ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’ हे तीन फळ्यांचे चित्र आज येथे तळमजल्यावर आहे. त्याच्या मागच्या बाजूला जाऊन मिटलेल्या फळ्यांवरचे करड्या रंगातील सृष्टीच्या निर्मितीचे चित्रही अवश्य पाहावे, ते बहुतेकांच्या नजरेतून निसटते.

सकाळच्या भेटीला साडेतीन तास पुरतात. त्यापेक्षा अधिक थांबल्यास डोळे केवळ चौकटी मोजू लागतात, असा माझा अनुभव आहे.

आता संध्याकाळ. मोफत प्रवेशाची रांग सहाच्या आधीच लागते. आम्ही साडेपाचला उभे राहिलो आणि रांग भराभर पुढे सरकून सव्वासहाच्या आत इमारतीत होतो. माझे सांगणे एवढेच आहे की, या दोन तासांत पहिल्या मजल्यावर चढू नये. तळमजल्यावर फ्रान्सिस्को गोयाची दालने आहेत, फक्त तीच पाहावीत. प्रथम १८१४ मधील ‘तीन मे १८०८’ पाहावे. नेपोलियनच्या सैनिकांची बंदुका रोखलेली एकसारखी रांग, त्यांचे न दिसणारे चेहरे, जमिनीवर ठेवलेला चौकोनी कंदील आणि त्याच्या उजेडात दोन्ही हात पसरून उभा असलेला पांढऱ्या सदऱ्यातील माणूस. त्याच्या उजव्या तळहाताकडे नीट पाहिले तर तेथे जखमेसारखी खूण दिसते.

तेथून ६७ क्रमांकाच्या दालनात जावे. येथे ‘काळी चित्रे’ म्हणून ओळखली जाणारी चौदा चित्रे आहेत. सत्तरी ओलांडलेल्या, कित्येक वर्षांपासून बहिऱ्या झालेल्या गोयाने माद्रिदच्या वेशीबाहेरील आपल्या घराच्या भिंतींवर ती थेट रंगवली. ती कोणीही मागितलेली नव्हती, कोणाला विकायची नव्हती आणि त्यांना त्याने स्वतः नावेही दिली नाहीत. १८७४ पासून ती भिंतींवरून उतरवून कॅनव्हासवर घेण्यात आली, आणि त्या कामात त्यांचे नुकसानही झाले. आपल्या मुलाला खाणाऱ्या सॅटर्न या रोमन देवाच्या चित्रासमोर लोक सर्वाधिक काळ थांबतात. मी दोन्ही संध्याकाळी ‘कुत्रा’ या चित्रासमोर थांबलो. उंच, अरुंद चौकट, तिचा बहुतेक भाग रिकामा, मातकट पिवळा, आणि तळाशी तपकिरी उतारामागून वर आलेले कुत्र्याचे केवळ डोके. ते बुडते आहे, वाट पाहते आहे की कोणाकडे तरी पाहते आहे, हे सांगता येत नाही. पहिल्या दिवशी आम्ही वीस मिनिटे तेथे होतो, आणि दुसऱ्या दिवशी केवळ त्याच एका चित्रासाठी पुन्हा रांगेत उभे राहिलो. पंधरा युरो देऊन एका चित्रासाठी पुन्हा जाणे बहुतेकांना परवडणार नाही, म्हणूनच ही मोफत वेळ खरी मोलाची आहे, कारण तिच्यामुळे परदेशी पाहुण्यालाही गावकऱ्याप्रमाणे एखाद्या चित्राकडे सहज फिरून येता येते.

आठ वाजता दारे बंद होतात, आणि माद्रिदच्या घड्याळात तेव्हा कुठे संध्याकाळ सुरू होते. नऊच्या आधी जेवायला बसणारी मंडळी बहुधा आपल्यासारखी परगावचीच असतात. मधला तास ला लातिना भागातील कावा बाखा या गल्लीत एका ठिकाणी एक पदार्थ, दुसऱ्या ठिकाणी दुसरा असे करत घालवावा. शाकाहारी वाचकांनी येथे सावध राहायला हवे. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढे सांगून भागत नाही, कारण हामोन, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेली डुकराची तंगडी, हे पुष्कळांच्या लेखी वेगळेच खाद्य असते, म्हणून ‘सिन हामोन’ हेही स्वतंत्रपणे सांगावे. तळून मीठ भुरभुरलेल्या पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या आणि पालक घातलेले काबुली चणे माझ्या पत्नीला फार आवडले. बटाट्याच्या तोर्तियात अंडे असतेच. साल्मोरेहो या टोमॅटोच्या दाट गार सारावर उकडलेले अंडे आणि हामोन घालण्याची रीत आहे, आणि ‘पातातास ब्राव्हास’ या तळलेल्या बटाट्यांवरच्या तिखट रश्श्यात मांसाचे पाणी घातले आहे का, हे विचारून घेणे बरे. प्लाझा मायोरच्या आसपास पदार्थांची रंगीत छायाचित्रे दारात लावलेल्या एका उपाहारगृहात आम्ही पहिल्या रात्री बसलो, तेव्हा बाहेरच्या टेबलाचे वेगळे पैसे बिलात लावले गेले. असे पैसे पडतात का, हे बसण्यापूर्वी विचारले असते तर ते टळले असते.

रात्रीचा शेवट पुएर्ता देल सोलजवळच्या बोळातील सान हिनेस येथे करावा. १८९४ पासूनच्या या दुकानात चुर्रोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या लांब कांड्या, आणि चमचा उभा राहील इतके दाट गरम चॉकलेट मिळते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास तेथे आजी-आजोबा, नाचून आलेली तरुण मुले आणि झोपेला आलेली लहान बाळे एकाच वेळी बसलेली दिसतात. मेट्रो रात्री दीडपर्यंत चालते. त्यानंतर सिबेलेसच्या चौकातून रात्रीच्या बसगाड्या सुटतात, त्यांना तेथील लोक ‘बुओस’, म्हणजे घुबडे म्हणतात. आमच्या तिसऱ्या रात्री पावणेदोनला त्यातीलच एक घुबड आम्हांला मिळाले, आणि ते प्राडोच्या अंधाऱ्या इमारतीसमोरून, बाहेर बसलेल्या वेलास्केझच्या पुतळ्याजवळून गेले.