१० किलोवॅटचा सांगून ६ चा पेलेट स्टोव्ह गळ्यात मारला, नवीन घेणाऱ्यांनी नक्की वाचा

पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या छोट्या कांड्या, म्हणजे पेलेट्स, जाळून खोली तापवणारी शेगडी) नवीन बसवलाय, ज्वाला छान दिसतेय, पंखा फिरतोय, हॉपरमधले, म्हणजे वरच्या टाकीतले, पेलेट्स पण संपतायत आणि तरी खोली काही तापत नाही, असं कुणाचं चाललं असेल तर मेकॅनिकला परत बोलवायच्या आधी हे वाचा. आमचा स्टोव्ह बिघडलेलाच नव्हता. १० किलोवॅटचा म्हणून पैसे घेतले, ६ किलोवॅटचा बसवून गेले आणि ते उघडं पडू नये म्हणून अख्खी थंडी एकेक नाटक केलं, वर त्या प्रत्येक नाटकाचं बिल वेगळं. दुकानाचं नाव लिहीत नाहीये कारण प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही, पण कसं फसवलं ते सगळं लिहिते.

आधी हे शक्य कसं होतं ते सांगते, कारण मलाही पहिल्यांदा वाटलं की एवढी मोठी वस्तू, बदलली तर दिसणार नाही का. नाही दिसत. बऱ्याच कंपन्या एकाच बॉडीत दोन-तीन पॉवरची मॉडेल काढतात. दार तेच, काच तीच, रंग तोच, हॉपरसुद्धा बऱ्याचदा सारखाच, फरक आत असतो, बर्न पॉट (ज्यात पेलेट्स जळतात ते भांडं), हीट एक्स्चेंजर (आगीची उष्णता खोलीच्या हवेला देणाऱ्या नळ्या) आणि बोर्डातलं सेटिंग. शोरूममध्ये मोठा बघितला, घरी धाकटा आला तर शेजारी शेजारी ठेवूनही चटकन कळणार नाही. आणि बिलावर त्यांनी सिरीजचं नाव लिहिलं, मॉडेल नंबर नाही. ते मुद्दाम होतं हे नंतर कळलं. तोंडी मात्र दहा वेळा "मॅडम, दहाचा आहे, घाम फुटेल तुम्हाला".

तक्रार केल्यावर पहिलं उत्तर आलं की नवीन आहे, पेंट सेट होऊ द्या, मग हीट वाढेल. यात अर्धं खरं आहे म्हणून माणूस गप्प बसतो. नवीन स्टोव्हचा रंग सुरुवातीच्या काही जाळण्यांत पक्का होतो, तेव्हा वास येतो, थोडा धूर पण दिसतो, खिडकी उघडी ठेवा सांगतात ते बरोबरच आहे. पण त्याचा आणि हीटचा काडीचा संबंध नाही. रंग सुकला म्हणून स्टोव्हची पॉवर वाढत नसते.

मग मेकॅनिक आला आणि म्हणाला इग्नायटर वीक आहे, बदलावा लागेल. बदलला, पार्टचे पण पैसे आणि येण्याचे पण. आता हे लक्षात ठेवा, इग्नायटर म्हणजे ती छोटी रॉड, ती फक्त सुरुवातीला पेलेट्स पेटवायचं काम करते. आग लागली की ती बंद होते. इग्नायटर खराब असेल तर स्टोव्ह पेटणारच नाही किंवा पेटायला फार वेळ लावेल. पेटलेला स्टोव्ह कमी तापतो म्हणून इग्नायटर बदलायचा म्हणजे गाडीला पिकअप नाही म्हणून चावी बदलून देण्यासारखं आहे. आणि गंमत म्हणजे हा माणूस सगळं नवऱ्याकडे बघून समजावत होता, प्रश्न मी विचारत होते तरी.

त्यानंतर पेलेट्सवर आले. तुमचे पेलेट्स हलके आहेत, आमच्याकडचे प्रीमियम घ्या. आमच्या बॅगेवर ईएनप्लस ए१ चा, म्हणजे पेलेट्सच्या दर्जाच्या सर्टिफिकेटचा, शिक्का होता, म्हणजे ओलावा जास्तीत जास्त १० टक्के, राख ०.७ टक्क्याच्या आत, आणि किलोमागे निदान ४.६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता. त्यांच्या "प्रीमियम" बॅगेवर कसलाच शिक्का नाही, सर्टिफिकेट नंबर नाही, तळाशी मूठ मूठ भुसा. खराब पेलेट्सने हीट कमी होते हे खरं आहे, ओले किंवा भुगा झालेले असतील तर आग मरगळते आणि बर्न पॉटमध्ये खंगर धरतो, फार लांब तुकडे असतील तर पेलेट्स आत ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये अडतात आणि फीड, म्हणजे आगीत पेलेट्स पडणं, कमी होतं. पण ज्याच्यावर शिक्का आहे त्याला खराब म्हणायचं आणि बिनशिक्क्याचं गळ्यात मारायचं याला काय म्हणणार? वापरून बघितले, खोलीचं तापमान तेवढंच, राख मात्र जास्त.

सगळ्यात वाईट पुढचं आहे. मेकॅनिकने टेक्निशियन मेन्यूत जाऊन फीड रेट वाढवून दिला आणि म्हणाला आता बघा ज्वाला. ज्वाला खरंच मोठी झाली, काचेपर्यंत यायला लागली, आम्ही खूश. दोन संध्याकाळी होईपर्यंत काच काळी, बर्न पॉट भरून वाहायला लागला, ज्वाला लांबलचक, नारिंगी आणि सुस्त. चांगली आग कशी असते, आखूड, पिवळसर पांढरी, नाचरी. लाल-नारिंगी, वर काळं टोक असलेली, लोळणारी ज्वाला म्हणजे हवा कमी पडतेय. पेलेट्स जास्त टाकले पण हवा तेवढीच आणि एक्स्चेंजर तेवढाच लहान, मग जास्तीचं लाकूड अर्धवट जळून काजळी होतं किंवा उष्णता चिमणीतून बाहेर जाते, खोलीला काही मिळत नाही. वर कार्बन मोनॉक्साइडचा धोका. आमच्याकडे त्याचा अलार्म लावलेला होता, तुमच्याकडे नसेल तर आधी तो लावा, बाकीचं नंतर वाचा. आणि कुणी प्रेशर स्विच किंवा दाराचा स्विच "बायपास करून देतो" म्हणाला तर त्याला तिथूनच परत पाठवा, ते स्विच तुमच्या जिवासाठी असतात.

शेवटी त्यांचं ठरलेलं उत्तर आलं की स्टोव्ह बरोबर आहे, तुमच्या घरातूनच गरमी जाते, इन्सुलेशन करून घ्या. त्याचं काम करणारा माणूसही त्यांच्याकडेच होता, हे ओघाने आलंच.

इथे माझं डोकं फिरलं आणि मी स्वतः तपासायला बसले. आधी ज्या साध्या गोष्टींनी खरंच हीट कमी होते त्या बघितल्या, म्हणजे भांडायला गेल्यावर ते आपल्याला वेड्यात काढणार नाहीत. स्टोव्ह थर्मोस्टॅट मोडवर नाही, मॅन्युअल फुल पॉवरवर आहे ना ते बघा. खोलीचा सेन्सर म्हणजे पातळ वायर असते, बसवणारे बऱ्याचदा ती गुंडाळून स्टोव्हच्या पाठीमागेच सोडतात, मग तिथे गरम झालं की स्टोव्हला वाटतं खोली तापली आणि तो आपोआप खाली येतो (आमची तशीच होती, मोकळी करून लांब लावली, फरक पडला पण किरकोळ). दाराच्या गॅस्केटमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावा, पट्टी सहज ओढली जात असेल तर तिथून हवा शिरतेय. एक्स्चेंजरच्या नळ्यांवर राखेचा थर बसला असेल तर हीट आत येत नाही, स्क्रेपरचा दांडा असेल तर तो ओढा. गरम हवा फेकणारा ब्लोअर फुल स्पीडला फिरतो का ते ऐका. चिमणीचा पाइपही बघा, प्रत्येक काटकोनी एल्बो म्हणजे साधारण पाच फूट सरळ पाइपएवढा अडथळा धरतात, आमच्याकडे भिंतीत नीट भोक पाडायचा कंटाळा म्हणून गरज नसताना एल्बो जास्तीचे टाकलेत. ते चूकच आहे, पण चार किलोवॅट त्यात गायब होत नाहीत.

मग केली वजनाची टेस्ट. ही कुणालाही करता येते आणि हिच्यापुढे कुणाची बडबड चालत नाही. फीड फॅक्टरी सेटिंगवर परत आणा, स्टोव्ह साफ करून फुल मॅन्युअलवर अर्धा-पाऊण तास चालू द्या. हॉपरमध्ये आतल्या बाजूला टेपची खूण करा, तिथपर्यंत पेलेट्स सपाट भरा, घड्याळ लावा. शेजारी बादलीत वजन करून पेलेट्स ठेवा. दोन तासांनी खुणेपर्यंत परत भरा आणि बादलीतून किती कमी झाले ते काट्यावर बघा. झाकण पटकन लावा, काही मॉडेलमध्ये झाकण उघडं राहिलं तर फीड थांबतं. एका तासाचं जे येईल त्याला ढोबळ ४ ने गुणा. एक किलो चांगल्या पेलेट्समध्ये पावणेपाच युनिटच्या आसपास ऊर्जा असते, स्टोव्हची एफिशियन्सी ८५ टक्के धरली तर खोलीला चार मिळतात. म्हणजे १० किलोवॅट द्यायला तासाला अडीच किलो जळायलाच पाहिजे, दुसरा रस्ता नाही, लाकूड जळल्याशिवाय उष्णता येणार कुठून. आमचा तासाला दीड किलोच्या जरा खालीच राहिला. मी परत केली, तेवढंच. म्हणजे सहा.

"घर गळतंय" याचं उत्तर पण काढलं. तेवढ्याच थंडीच्या दुसऱ्या रात्री स्टोव्ह फुलवर आणि सोबत दोन किलोवॅटचे दोन इलेक्ट्रिक हीटर लावले. खोली मस्त तापली आणि तापलेली राहिली. सहा आणि चार दहा, म्हणजे आमच्या घराला दहाच लागतात, जे आम्ही मागितलं होतं तेच.

आता मॉडेल नंबर. रेटिंग प्लेट मागच्या बाजूला असते, आमचा भिंतीला असा टेकवलाय की वाकून पण दिसत नाही, म्हणून मोबाईल आत सरकवून फोटो काढले. प्लेट होती, पण तिच्यावर बरोब्बर मॉडेल आणि पॉवरच्या ओळीवर दुकानाचं सर्व्हिसच्या फोन नंबरचं स्टिकर चिकटवलेलं. बाकी अख्खी पाठ मोकळी पडली होती, स्टिकर तिथेच! स्टोव्ह बंद करून पूर्ण थंड होऊ दिला, हेअर ड्रायरने स्टिकरचा कोपरा मऊ केला, हात वाकडा करून नखाने हळूहळू सोलला. खाली स्वच्छ छापलेलं, नॉमिनल ६.० किलोवॅट, त्याखाली कमीत कमी पॉवरचा आकडा, मॉडेल, सीरियल नंबर आणि ईएन १४७८५, म्हणजे पेलेट स्टोव्हचं युरोपियन स्टँडर्ड. स्टिकर सोलायच्या आधीचे आणि नंतरचे दोन्ही फोटो ठेवलेत, ते पुढे फार उपयोगी पडले.

सीरियल नंबर कंपनीला मेल केला, एवढंच विचारलं की हा कुठल्या पॉवरचा आहे आणि वॉरंटी कुणाच्या नावावर आहे. उत्तर आलं, लहान मॉडेल. दुकानात जाऊन कागद पुढे ठेवले तर मालक आधी म्हणाला बिलावर सिरीज लिहिलीय, सिरीज तीच आहे. मी म्हणलं सिरीजच्या किमतीत नाही घेतला, दहाच्या किमतीत घेतलाय, तुमच्याच कोटेशनच्या मेसेजमध्ये दहा लिहिलंय. मग सूर बदलला, "ताई, गोडाऊनमधून चुकून आला असेल, सॉफ्टवेअर अपडेट करून दहा करून देतो". हे ऐकून तर हसूच आलं. तासाला दीड किलोसाठी बनवलेल्या भट्टीत सॉफ्टवेअरने अडीच किलो घालायचे आणि काच काळी होताना बघत बसायचं. चुकून आला असेल तर स्टिकर पण चुकून बरोबर त्याच ओळीवर बसलं का, यावर मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तोंडी काही ऐकायचं नाही असं ठरवलं आणि सगळं लेखी पाठवलं. कोटेशनचा मेसेज, बिल, प्लेटचे फोटो, कंपनीचा मेल, वजनाच्या टेस्टचा व्हिडिओ, आणि पैसे कार्डाने दिले होते म्हणून बँकेकडे डिस्प्यूट पण टाकला. बँकेचं पत्र गेल्यावर आठवड्याच्या आत स्टोव्ह उचलून न्यायला गाडी आली, तोपर्यंत साहेब मीटिंगमध्येच असायचे.

तुम्ही आत्ता घेणार असाल तर बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि "आउटपुट" किलोवॅटमध्ये लिहून घ्या. नुसतं किलोवॅट लिहिलं तर काही जण इनपुटचा, म्हणजे जळणाऱ्या पेलेट्समधल्या एकूण ऊर्जेचा, मोठा आकडा दाखवतात, आणि बीटीयूमध्ये सांगितलं तर ३४१२ ने भागा म्हणजे किलोवॅट येतात. माणूस घरात असतानाच, स्टोव्ह भिंतीला सरकवायच्या आधी प्लेटचा फोटो काढा आणि सीरियल नंबर बिलाशी जुळवा. मेन्यूत बऱ्याच स्टोव्हमध्ये एकूण किती तास चाललाय ते दिसतं, नवीन असेल तर तो आकडा जवळपास शून्य पाहिजे, डेमोचा पीस नवा म्हणून खपवायची पण पद्धत आहे. हे सगळं झाल्यावरच उरलेले पैसे द्या.

आमच्या स्टोव्हचे पैसे परत आले. इग्नायटरचे, मेकॅनिकच्या चकरांचे आणि पाइपचे अजून देत नाहीयेत, म्हणतात सर्व्हिस तर दिलीच ना. बदललेला जुना इग्नायटर मी मागून ठेवून घेतला होता, दुसऱ्या मेकॅनिकने मीटर लावून बघितला, ठणठणीत आहे. तो आणि त्याचं बिल आता पुढच्या तक्रारीला जोडलंय, काय होतं ते इथेच लिहीन.