घरच्या राउटरवर नेटचा फोन : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव शहर असो की खानापूर-निपाणीकडचं गाव, नेटवरून फोन लावला की तक्रार ठरलेली: ‘आवाज तुटतोय, जरा बाहेर येऊन बोल की.’ मग इंटरनेटवाला वरचा प्लॅन गळ्यात मारतो. त्याने काही होत नाही. जोडणी इथे अशी आहे: 100 एमबीपीएस डाउनलोड आणि 20 अपलोडची फायबर लाइन, कंपनीचा ओएनटी (फायबर जिथे येऊन संपते ती डबी), त्यामागे ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर टाकलेला राउटर, आणि जुना लँडलाइनचा फोन चालवणारी एटीएची डबी. मे अखेरीस बसवली. एक अख्खा पावसाळा त्यावर गेला.

आधी हिशेब. जी.711 कोडेकचा (आवाज डिजिटल करायची पद्धत) एक कॉल दर सेकंदाला 50 पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पाठवतो आणि हेडर धरून एका दिशेला जेमतेम 87 केबीपीएस खातो. मग अडतं कुठे? घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलमधले लग्नाचे व्हिडिओ गूगल फोटोजवर चढू लागले की अपलोडला रांग लागते. ओएनटीत 512 किलोबाइटचा ढीग साठला, तर 20 एमबीपीएसने तो उपसायला 200 मिलिसेकंद लागतात, आणि आवाजाचं पॅकेट त्या ढिगामागे तिष्ठत राहतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस एका बाजूच्या उशिराला 150 मिलिसेकंदांपर्यंतच बरं म्हणते. त्यापुढे दोघंही एकदम बोलायला लागतात आणि एकदम थांबतात.

यावर उपाय एसक्यूएम, म्हणजे ही रांग राउटरनेच शहाणपणाने सांभाळणं. ओपनडब्ल्यूआरटीत त्याचं पॅकेज टाकून ‘केक’ ही रांग लावायची पद्धत निवडा, स्क्रिप्ट ‘पीस ऑफ केक’, लिंक लेयर इथरनेट, ओव्हरहेड 44. वेगाचे आकडे प्लॅनच्या जाहिरातीतले घालू नका. रात्री नऊला, गल्लीतले सगळे ओटीटीवर असताना, तीन-चार वेळा स्पीड टेस्ट करा आणि सर्वांत कमी आकड्याच्या 90 टक्के भरा. इथे डाउनलोड 90000 आणि अपलोड 18000 बसले. मग पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणं) चालू ठेवून एक मोठी फाइल चढवा. पिंग 20-30 मिलिसेकंदांहून जास्त वर सरकला तर मर्यादा आणखी पाच टक्क्यांनी खाली घ्या. ‘फ्लो ऑफलोडिंग’ ही राउटरची वेग वाढवायची सोय बंदच हवी, नाहीतर पॅकेट एसक्यूएमला बगल देऊन निघून जातात आणि माणूस सेटिंग चुकलं म्हणून डोकं खाजवत बसतो.

दुसरा घोळ जास्त चकवणारा. फोन लागतो, समोरचा उचलतो, बोलणं सुरू होतं आणि बरोबर 32 सेकंदांनी कट. पुन्हा लावा, पुन्हा 32. हा आकडा एसआयपीच्या, म्हणजे नेटवर कॉल जोडण्या-तोडण्याच्या पद्धतीच्या, नियमातलाच: उचलल्याचा निरोप पोचल्याची पावती मिळाली नाही, तर अर्ध्या सेकंदाच्या टायमरच्या 64 पट वाट पाहून कॉल सोडून दिला जातो. पावती हरवते ती बहुतेक वेळा ‘एसआयपी एएलजी’मुळे. या सोयीत राउटर मदत म्हणून पॅकेटमधले पत्ते बदलतो आणि नेमके चुकीचे बदलतो. एकाच बाजूचा आवाज येणं हेही बऱ्याचदा त्याचंच काम. राउटरमध्ये बंद केलं तरी ओएनटीत चालू असतं, हे लक्षात यायला वेळ जातो. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे ओएनटी ब्रिज मोडवर घेणं, म्हणजे त्याने फक्त पॅकेट पुढे ढकलायची आणि बाकी काम आपल्या राउटरने करायचं. ते कंपनीकडूनच करून घ्यावं लागतं. लाइनमनला कन्नडमध्ये ‘ब्रिज मोड माड्री’ (करा) म्हटलं की पुरतं. नंतर पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचं, नाव-पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरा. ब्रिज देत नसतील तर फोनची सेवा देणाऱ्याकडे टीएलएस (निरोप सांकेतिक करून पाठवणं) मागा, साधारण पोर्ट 5061. निरोप कुलूपबंद गेला की एएलजीला त्यात हात घालता येत नाही.

एसआयपीचा नेहमीचा 5060 पोर्ट बाहेरून उघडून ठेवू नका, त्याची गरजच नसते. उघडला तर रात्री दोनला रिंग येते, नंबर 100 किंवा 1001, आणि उचलल्यावर चिडीचूप: जगभर फिरणारे स्कॅनर ते. एटीएत कीप-अलाइव्ह (‘मी चालू आहे’ हा ठरावीक वेळाने जाणारा निरोप) 20 सेकंद ठेवा. राउटर नॅटची नोंद (आतल्या कुठल्या यंत्राचं पॅकेट ते) पुसून टाकेल त्याआधी तो जातो, म्हणजे येणारे फोन चुकत नाहीत.

वाय-फायबद्दल एवढंच: जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींमागे त्याच्यावर विसंबू नये. एटीएला कॅट-6ची वायर ओढा. मोबाइलवरून बोलायचं तर 5 गिगाहर्ट्‌झ, राउटर त्याच खोलीत.

लाइट हा इथला खरा प्रश्न. ओएनटी, राउटर आणि एटीए तिन्हींना बॅकअप हवा, एकाला देऊन भागत नाही. तिघे मिळून साधारण 20 वॅट धरा. 10,400 एमएएचची 12 व्होल्ट मिनी यूपीएस म्हणजे आत 38 वॅट-तास, हातात पडतात दीड तास. पिन 5.5 बाय 2.1 की 2.5 हे घेण्याआधीच बघा, ढिली पिन बसते आणि धक्का लागला की राउटर रीस्टार्ट. पावसात लाइन गंडली तर ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल रिसीव्ह पॉवर, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे 27 डीबीएमच्या खाली असेल तर राउटर उसकटत बसू नका, खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलंय किंवा केबल कुठेतरी दुमडलीय.

दोन तक्रारी उरतात. ओपनडब्ल्यूआरटी अपडेट केलं की सेटिंग राहतात पण एसक्यूएमचं पॅकेज पुन्हा टाकावं लागतं. आणि कंपनीने दुरून ओएनटी अपडेट केला की ब्रिज मोड उडतो. आठ महिन्यांत दोनदा उडाला. म्हणून त्या पानाचा फोटो काढून ठेवलेला बरा. आणीबाणीचा 112 मात्र मोबाइलवरूनच लावा.